आदिवासींना क्रीम कशाला?

(मे महिन्यात छावणीतील एका मंडळीत महिला संघ आणि आपले सहायक यांच्या एकत्र सभेत केलेले भाषण. बोलताना राहून गेलेल्या एक-दोन गोष्टी लिहिताना घातल्या आहेत.)



गेल्या वार्षिक सभेत आपला हिशेब वाचला गेला, तेव्हा औषधांच्या खर्चात 'सनस्क्रीन' असा एक शब्द होता. मागच्या रांगेतून एका वडीलधाऱ्या काकांनी विचारले, "बाई, आदिवासींना क्रीम कशाला? आपण त्यांना गोरं करायला निघालोय का?" सभा हसली. मीही हसले. मग चहा आला, बिस्किटे आली, आणि उत्तर द्यायचे राहून गेले. काकांचा प्रश्न मात्र माझ्याबरोबर घरी आला. तो चुकीचा नव्हता. जो पोटाला चिमटा काढून दानपेटीत पैसे टाकतो, त्याने विचारलेच पाहिजे. म्हणून पाळकसाहेबांनी आज वीस मिनिटे दिली, तेव्हा मी हाच विषय मागून घेतला. काका आज समोरच बसले आहेत, त्यामुळे मला टाळताही येणार नाही.

सुरुवात उन्हापासून करते. या महिन्यात १९-२० तारखेच्या सुमारास आपल्या छत्रपती संभाजीनगरात शून्य सावलीचा दिवस येतो. भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर असतो आणि अंगणात उभे राहिले तर आपली सावली पायाखाली नाहीशी होते. मुलांना ही गंमत जरूर दाखवा. पण हा दिवस वर्षातून दोनदा येतो हे आपण विसरतो. दुसरा येतो जुलैच्या २३-२४ तारखेला, पावसाळ्यात, ढगांच्या आड. तेव्हा उकडत नाही, म्हणून आपल्याला वाटते की ऊन नाही. उकाडा वेगळा आणि त्वचा जाळणारे किरण वेगळे. हे अतिनील किरण डोळ्यांना दिसत नाहीत, अंगाला गरम लागत नाहीत, आणि पातळ ढगांतून त्यातले बरेचसे खाली येतात. त्यांचे दोन प्रकार आपल्याला ठाऊक असावेत. एक यूव्हीबी, ज्याने कातडी लाल होते, भाजते. दुसरा यूव्हीए, जो खोल शिरतो, खिडकीच्या काचेतूनही येतो, आणि डाग व सुरकुत्या हळूहळू आणतो.

मोबाइलवर आता तापमानासोबत 'यूव्ही इंडेक्स' नावाचा आकडा दिसतो. ११ च्या वर गेला की अतितीव्र समजतात, आणि आपल्याकडे मे महिन्यात निरभ्र दुपारी तो तेवढा जातोच. पण वस्तीवर मी मोबाइल दाखवत नाही, सावली दाखवते. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड दिसली की ऊन कडक आहे असे समजायचे. ही खूण लहान पोरालाही कळते. आता गंमत अशी की आपल्या शहराच्या अक्षांशावर २१ डिसेंबरलासुद्धा, म्हणजे सूर्य सर्वांत खाली असतो त्या दिवशीही, भर दुपारी सावली आपल्या उंचीपेक्षा किंचित आखूडच पडते. म्हणजे ज्या थंडीत आपण गच्चीवर ऊन खात बसतो, त्याच थंडीत उसाच्या फडात दिवसभर उभ्या राहणाऱ्या माणसाला ते लागतच असते. हे मला दोन वर्षांपूर्वी माहीत नव्हते, आणि त्याची किंमत एका मुलाने मोजली.

आता त्या मुलाचे सांगते. नाव सांगणार नाही, गावही नाही. कन्नड तालुक्यात डोंगराच्या कडेला भिल्लांची एक वस्ती आहे, एवढे पुरे. दिवाळी झाली होती. टोळी निघायच्या तयारीत होती. मुकादमाकडून उचल घेतलेली, ट्रॅक्टरला ट्रॉली जोडलेली, तिच्यात पत्रे, पाण्याचे ड्रम, कोंबड्या, शेळी आणि पोरे. त्या पोरांत एक मुलगा होता, नऊ वर्षांचा. केस पिवळसर पांढरे, भुवया पांढऱ्या, कातडी गुलाबी, आणि आईचा पदर डोक्यावर ओढून डोळे बारीक करून माझ्याकडे बघत होता. ओठ फुटलेले, नाकावर खपल्या, कानाच्या कडांना भेगा. मला वाटले, कोड आहे. शेजारची एक बाई म्हणाली महारोग आहे, हात लावू नका. आजी म्हणाली, "काही रोग नाही ताई, ह्याच्या आईनं ग्रहण पाळलं नाही." आई खाली मान घालून पातेली बांधत होती. नऊ वर्षे ती हे ऐकत आली होती.

टोळी दोन दिवस थांबवणे माझ्या हातात नव्हते, पण मुकादमाला विनवून एक दिवस मिळाला. आम्ही घाटीत त्वचारोग विभागात गेलो. डॉक्टरांनी पाच मिनिटांत सांगितले, हे कोड नाही, कुष्ठरोग तर नाहीच. याला अल्बिनिझम म्हणतात. आपल्या त्वचेत मेलॅनिन नावाचे रंगद्रव्य असते, ते याच्या शरीरात नीट तयारच होत नाही. आईवडील दोघांकडून एकेक सदोष गुणसूत्राचा अंश आला की असे मूल जन्मते, आणि असे आईवडील असले तर प्रत्येक गरोदरपणात चारात एक ही शक्यता राहते. नात्यात लग्न झाले तर धोका वाढतो, पण यांचे नात्यातले नव्हते. ग्रहणाचा काही संबंध नाही. हे डॉक्टरांनी आईकडे बघून, सावकाश, दोनदा सांगितले. परतताना बसमध्ये ती मला म्हणाली, "ताई, हे तुम्ही आमच्या सासूला सांगा. मी सांगितलं तर ऐकायची नाही." मी सांगितले. सासूबाईंनी मान हलवली. पटले की नाही, ठाऊक नाही.

डॉक्टरांनी लिहून दिले : सनस्क्रीन, टोपी, पूर्ण बाह्यांचे कपडे, डोळ्यांची तपासणी. मी औषधाच्या दुकानातून पन्नास ग्रॅमची एक ट्यूब घेतली. साडेतीनशे रुपये. हातात घेताना मला वाटले, काय हा खर्च! आणि मी त्या आईला जे सांगितले, ते शब्द मला अजून आठवतात. मी म्हणाले, "थोडं थोडं लाव, जपून वापर, हंगामभर पुरव."

तिने पुरवली. मार्च संपता संपता टोळी परत आली. मुलाचे दोन्ही कान सुजलेले, मान सोललेली, आणि उजव्या कानाच्या कडेला एक जखम, जी दोन महिने भरत नव्हती. ट्यूब मी मागितली. तिने चिंधीत गुंडाळलेली काढली. अर्धीअधिक शिल्लक होती. कोपीवरच्या कागदाखाली, उन्हात तापून आतले मलम पाणी आणि तेल असे वेगळे झाले होते. ती म्हणाली, "तुम्ही सांगितलं तसं केलं ताई. तिळाएवढं घ्यायचे. पुरवून पुरवून वापरलं."

कानाच्या जखमेचा बारीक तुकडा काढून तपासणीला पाठवला. बारा दिवस लागले. अशा मुलांना त्वचेचा कर्करोग ऐन तारुण्यात होऊ शकतो, हे तोपर्यंत मी वाचले होते. त्या बारा दिवसांत मी प्रार्थना केली असे म्हणण्यापेक्षा, प्रार्थनेला बसले आणि मला ते 'थोडं थोडं'च ऐकू येत राहिले. अहवाल आला, कर्करोग नव्हता. पण उन्हाने त्वचा बिघडायला सुरुवात झाली आहे, आता हयगय नको, असे डॉक्टरांनी सांगितले. त्या दिवशी मी त्यांना विचारले ते आधीच विचारायला हवे होते : नेमके किती लावायचे?

आता हे आपल्या सर्वांच्या उपयोगाचे आहे, म्हणून नीट सांगते. ट्यूबवर 'एसपीएफ' असा आकडा असतो. तो यूव्हीबीपासून मिळणाऱ्या संरक्षणाचा. एसपीएफ १५ साधारण ९३ टक्के किरण अडवते, ३० साधारण ९७, आणि ५० साधारण ९८. म्हणजे तीसवरून पन्नासवर गेलो तर फरक एका टक्क्याचा, किमतीत मात्र कितीतरी. पण हे आकडे प्रयोगशाळेतले. तिथे त्वचेच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरला दोन मिलिग्रॅम एवढा जाड थर लावून मोजतात. घरी आपण त्याच्या अर्धेही लावत नाही, कित्येकदा पावच. मग ट्यूबवर तीस लिहिलेले असले तरी अंगावर तीस उरत नाही. त्या मुलाच्या अंगावर काहीच उरले नव्हते.

मापाची सोपी रीत अशी : तर्जनी आणि मधले बोट, या दोन्ही बोटांवर टोकापासून मुळापर्यंत मलमाची रेघ ओढायची. एवढे चेहरा आणि मान यांना लागते. कान, मानेची मागची बाजू आणि हातांची पाठ हटकून विसरतात. घराबाहेर पडण्याच्या पंधरा-वीस मिनिटे आधी लावायचे, आणि उन्हात राहायचे असेल तर दर दोन तासांनी, घाम पुसला असेल तर त्याआधीही, पुन्हा लावायचे. ट्यूबवर 'ब्रॉड स्पेक्ट्रम' किंवा 'पीए' आणि पुढे अधिकची दोन-तीन चिन्हे पाहून घ्यावीत, म्हणजे यूव्हीएपासूनही रक्षण होते. मुदत तपासावी. कॅलामाइन लोशन म्हणजे सनस्क्रीन नव्हे, हेही सांगून ठेवते, कारण गुलाबी रंग बघून आमच्या एका सेविकेने तेच वाटले होते. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला सनस्क्रीन लावत नाहीत, त्याला सावलीतच ठेवायचे.

मग मी कागद-पेन्सिल घेऊन बसले. नऊ वर्षांच्या मुलाच्या अंगाची त्वचा साधारण एक चौरस मीटर भरते. अर्ध्या बाहीचा सदरा घातला तर चेहरा, मान, कान, दोन्ही हात कोपरापासून खाली, एवढे उघडे राहते. एका वेळी साधारण साडेतीन ग्रॅम मलम लागते. दिवसातून दोनदा म्हटले तरी सात ग्रॅम. म्हणजे मी जी ट्यूब पाच महिने पुरव म्हणून दिली होती, ती एका आठवड्याची होती.

आकडा बघून मला धडकी भरली. महिन्याला चार ट्यूब, चौदाशे रुपये, एका मुलासाठी. त्या घरात दोन माणसांचा एक कोयता राबतो आणि उचल फिटता फिटत नाही. पण तोच हिशेब मी पूर्ण बाहीचा शर्ट धरून पुन्हा केला. आता उघडे राहिले फक्त चेहरा, मान, कान आणि हातांची पाठ. एका वेळी पावणेदोन ग्रॅम. ट्यूब पंधरा दिवस गेली. मोठ्या काठाची टोपी आणली तर त्याहूनही थोडी अधिक. म्हणजे तीस-चाळीस रुपयांना मिळालेल्या जुन्या शर्टाने महिन्याचे सातशे रुपये वाचवले. तेव्हापासून आमच्या कामात पहिला शर्ट, मग टोपी, मग सावली, आणि या तिन्हींतून जे उघडे राहील तेवढ्यालाच सनस्क्रीन, असा क्रम आहे.

आणि हे शहाणपण काही मी वस्तीवर नेलेले नाही. ते तिथेच होते. ऊस तोडणाऱ्या, कापूस वेचणाऱ्या बाया साडीवर नवऱ्याचा पूर्ण बाह्यांचा शर्ट घालतात, डोक्याला फडके बांधून त्याचे टोक गालांवरून घेतात, हे तुम्ही रस्त्याने जाताना पाहिले असेल. उसाच्या पात्यांनी हात कापू नयेत म्हणूनही तो असतो, पण ऊनही अडतेच. आपल्या जालना रोडवर स्कूटी चालवणाऱ्या मुलींकडे बघा : सनकोट, हातमोजे, चेहऱ्याभोवती स्कार्फ, फक्त डोळे दिसतात. बाहेरगावचे पाहुणे हसतात, म्हणतात तुमच्या शहरात सगळ्या मुली डाकू दिसतात. सनकोट आणि नवऱ्याचा शर्ट यांत फरक फक्त पैशांचा आहे. त्या मुलालाही आईने शर्ट घालायला हवा होता, असे कोणी म्हणेल. तिला वाटले, शहरातली ताई एवढे महागाचे औषध देते आहे, आता शर्टाची काय गरज? त्या पाच महिन्यांत तो अर्ध्या बाह्यांत फिरला. ही दुसरी चूकही माझ्याच खात्यावर आहे.

कापडाबद्दल एक सांगते, ते मला नवीन होते. पातळ पांढरा सुती सदरा उन्हात गार वाटतो, पण त्यातून किरण बरेच आत जातात, आणि घामाने भिजला की आणखी. घट्ट विणीचे, थोडे गडद रंगाचे कापड जास्त अडवते. जीन्सचे तर जवळजवळ काहीच जाऊ देत नाही. कापड डोळ्यांसमोर धरून उजेडाकडे बघायचे. पलीकडचे दिसले तर तो शर्ट त्या मुलाच्या कामाचा नाही.

आता काकांच्या प्रश्नाचा दुसरा भाग. गोरे करण्याचा.

आपण सगळे सावळे लोक. आपल्या त्वचेतले मेलॅनिन ही देवाने दिलेली छत्री आहे, आणि ती चांगली मजबूत आहे. त्वचेचा कर्करोग आपल्या लोकांत गोऱ्या लोकांपेक्षा कितीतरी कमी होतो. म्हणून धडधाकट माणसाने रोज ट्यूब लावलीच पाहिजे असे मी वस्तीवर सांगत नाही, आणि इथेही घाबरवणार नाही. पण छत्री मजबूत असली तरी तिच्याखाली काहीच होत नाही असे नाही. गालांवरचे वांग उन्हाने वाढतात, मुरुमांचे डाग काळे राहतात, डोळ्यांत मोतीबिंदू लवकर येतो. काही औषधे घेताना ऊन बाधते. जखमांसाठी, तापासाठी दिली जाणारी डॉक्सिसायक्लिन ही गोळी त्यातली, आणि रक्तदाबाच्या काही गोळ्याही. अशा वेळी डॉक्टरांना विचारावे. 'ड' जीवनसत्त्वाचे काय, असा प्रश्न नेहमी येतो. सकाळी कामाला जाता-येता हातापायांवर जे ऊन पडते त्याची आपण चिंता करत नाही आहोत. चिंता आहे ती आखूड सावलीच्या वेळेची.

एक धोक्याची खूण सांगते, कारण ती सनस्क्रीनने जात नाही. एखाद्याच्या गळ्याभोवती हार घातल्यासारखा काळपट खरखरीत पट्टा आणि हातांच्या पाठीवर तसेच चट्टे दिसले, तर ते उन्हाने भाजल्यासारखे वाटते, पण कारण आहारात असते. याला पेलाग्रा म्हणतात. नायसिन या जीवनसत्त्वाच्या अभावाने तो होतो. केवळ ज्वारीवर दिवस काढणाऱ्या दख्खनच्या गरीब लोकांत तो दिसे, आणि हैदराबादच्या पोषण संस्थेत डॉ. गोपालन यांनी त्यावर मोठे काम केले. आज दारूच्या आहारी गेलेल्यांत दिसू शकतो. तिथे मलम घेऊन जाऊ नका, दवाखान्यात घेऊन जा.

आणि गोरे करण्याची मलमे. फेअर अँड लव्हली आपल्या देशात १९७५ साली आले, आणि २०२० मध्ये त्याच्या नावातले 'फेअर' काढून 'ग्लो' झाले. नाव बदलले, पण आपल्या लग्नाच्या जाहिरातींत 'गोरी' अजून आहेच, ख्रिस्ती वधू-वर सूचक मेळाव्यातसुद्धा. मी स्वतः या फेऱ्यातून गेले आहे. दहा वर्षे वस्त्यांवर स्कूटीने फिरून माझ्या गालांवर वांग उठले, तेव्हा आमच्या एका नातलग बाईंनी सांगितले, एवढ्या उन्हात जातेस कशाला, देवाचे काम सावलीतही होते. मी एका दुकानातून चिठ्ठीशिवाय एक ट्यूब आणली. आठ दिवसांत चेहरा उजळला, सगळ्यांनी कौतुक केले. तीन महिन्यांत कातडी कागदासारखी पातळ झाली, उन्हात पाऊल टाकले की चेहऱ्याची आग, आणि ट्यूब थांबवली की पुरळ. आत स्टिरॉइड होते. अशी मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच विकायची असा नियम २०१८ मध्ये कडक केला गेला, तरी ती आजही वस्तीपर्यंत पोहोचतात. लग्न ठरलेल्या मुली ती लपवून लावतात. मला डॉक्टरांनी ट्यूब बंद करून सनस्क्रीन लावायला सांगितले, तेही थोडा रंग असलेले, कारण वांगाला साधा उजेडसुद्धा वाढवतो आणि त्या रंगातले लोहाचे ऑक्साइड तो अडवते. वर्ष लागले. वांग पूर्ण गेले नाहीत. आता त्यांचे मला काही वाटत नाही, असे म्हणेन तर खोटे होईल. सकाळी आरसा बघते तेव्हा थोडे वाटते.

गीतरत्नाच्या पहिल्या अध्यायातली ती तरुणी आठवते ना? ती लोकांना सांगते की माझ्या काळेपणाकडे टक लावून बघू नका, उन्हाने मला करपवले आहे, भावांनी रागावून मला द्राक्षमळे राखायला लावले आणि माझा स्वतःचा मळा राखायचा राहिला. या पुस्तकावर आम्हाला डिप्लोमाच्या वर्गात ख्रिस्त आणि मंडळी यांचे रूपक म्हणून शिकवले, आणि ते आपल्या जागी खरेच आहे. पण वस्तीवर मी बायांना तो अध्याय वाचून दाखवला तेव्हा त्यांनी रूपक वगैरे काही विचारले नाही. एक बाई म्हणाली, "मळा दुसऱ्याचा व्हता ना ताई?" मी हो म्हणाले. ती म्हणाली, "मग ती फडावरची बाई." मला यावर पुढे काही बोलता आले नाही, आणि त्या दिवशी आम्ही तिथेच थांबलो.

परत त्या मुलाकडे. अल्बिनिझममध्ये डोळेही कमजोर असतात. बुबुळे सारखी हलतात, उजेड सहन होत नाही, आणि चष्म्याने सगळे दुरुस्त होत नाही. त्याला वर्गात फळा दिसत नव्हता. तीन वर्षे त्याला शेवटच्या रांगेत, खिडकीजवळ बसवले होते, आणि 'ढ' ठरवले होते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात 'अल्पदृष्टी' हा प्रकार आहे. दृष्टी त्या मापात बसली तर प्रमाणपत्र मिळते. त्याला ते मिळाले, चार खेटे घालून. आता तो पहिल्या रांगेत, खिडकीकडे पाठ करून बसतो. त्याला पाढे येतात हे त्याच्या गुरुजींना तिसरीच्या शेवटी कळले. ते चांगले गृहस्थ आहेत. त्यांनी परिपाठ मैदानातून व्हरांड्यात आणला, एका मुलासाठी सगळ्या शाळेचा.

आईवडील आता त्याला फडावर नेत नाहीत. हंगामी वसतिगृहाची जी योजना आहे, तिच्यात त्याला जेवण मिळते आणि तो आजीपाशी राहतो. म्हणजे पाच महिने आईपासून दूर. हे आम्ही सोडवले असे मी म्हणणार नाही. कान वाचले आणि आई लांब गेली.

जगात हे काम करणारे आपण पहिले नाही. आफ्रिकेत टांझानियामध्ये अल्बिनिझम असलेले लोक बरेच आहेत. तिथे किलिमांजारो पर्वताच्या पायथ्याशी मोशी गावी किलिमांजारो ख्रिश्चन मेडिकल सेंटर हे मंडळ्यांच्या पुढाकाराने उभे राहिलेले, १९७१ पासून चालू असलेले मोठे रुग्णालय आहे. तिथल्या त्वचारोग प्रशिक्षण केंद्रात या लोकांसाठी खास 'किलीसन' नावाचे सनस्क्रीन तयार करतात आणि त्यांना मोफत देतात. आणि गेल्या वर्षी, २०२५ मध्ये, जागतिक आरोग्य संघटनेने अल्बिनिझम असलेल्यांसाठी सनस्क्रीनचा समावेश अत्यावश्यक औषधांच्या यादीत केला. काका, पुढच्या हिशेबात ते औषधांतच दिसेल, आणि ते तिथेच असायला हवे. आपल्या देशात मात्र ते सौंदर्यप्रसाधन म्हणूनच विकले जाते, म्हणून सरकारी दवाखान्याच्या खिडकीवर पॅरासिटामॉलसारखे ते सहज हाती पडेल अशी आशा ठेवता येत नाही.

आज आपण दोन मुलांना आणि एका तरुणीला ट्यूब देतो. तिन्ही वेगवेगळ्या वस्त्यांवरची. बाकी कोणाला देत नाही, मागितली तरी. कोणी म्हणेल, कंजूषपणा. पण ज्याच्या कातडीला छत्री आहे त्याला मी शर्ट आणि टोपी सांगते, आणि ज्याला ती नाही त्याला पुरेसे मलम देते, पुरेसे म्हणजे दोन बोटे भरून. ट्यूब आता माठाशेजारी ओल्या वाळूत ठेवतात, म्हणजे वितळत नाही. ही युक्ती त्याच्या आजीची. ग्रहणाचे अजून म्हणते ती, पण सकाळी शाळेआधी त्याचे कान तीच माखते.

येत्या १३ जूनला संयुक्त राष्ट्रांनी ठरवलेला अल्बिनिझम जागृती दिवस आहे. २०१५ पासून तो पाळतात. आपल्याकडे त्याच सुमाराला शाळा उघडतात. त्या आठवड्यात मी तीन शाळांत जाऊन गुरुजींशी बोलणार आहे. कोणाला बरोबर यायचे असेल तर सांगा, गाडीत दोन जागा आहेत.

आणि एक मागणे आहे. कार्यालयाच्या दाराशी एक लोखंडी पेटी ठेवली आहे. घरात पुरुषांचे जुने पूर्ण बाह्यांचे शर्ट असतील तर त्यात टाका. गडद रंगाचे, घट्ट विणीचे. कॉलर शाबूत हवी, मान तिनेच झाकते. मनगटाची बटणे तुटली असतील तर कृपा करून लावून द्या. गेल्या वेळी आलेल्या चाळीस शर्टांपैकी निम्म्यांना बटणे नव्हती, आणि फडात बाही वर सरकत राहते.